उपकरप्राप्त इमारतीतलं स्वस्त भाड्याचं घर: पुनर्विकास होईपर्यंत टिकवायचं कसं?

भाडेपावती (धागाकर्ता)

मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींची चर्चा सुरू झाली की दहाव्या प्रतिसादापर्यंत गाडी 'किती फूट मिळणार?' या स्टेशनात शिरते. हा धागा त्यासाठी नाही. इमारत आज उभी आहे, भाडं शे-पाचशे रुपये आहे, बिल्डर आलेला नाही किंवा येऊन गेला. तिथलं कुटुंब पुढची दहा-पंधरा वर्षं त्याच जागी, त्याच भाड्यात आणि जिवाला धोका न होता कसं राहील, एवढंच इथे बोलू.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडं गोठलं तशी मालकांची दुरुस्तीही गोठली. इमारती पडू लागल्यावर १९६९ चा दुरुस्ती कायदा आला, उपकर (बोलीभाषेत 'सेस') सुरू झाला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं गेलं. तेच आज म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या 'ब' आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. हे सगळं फक्त शहर भागासाठी. उपनगरात उपकर नाही, त्यामुळे मंडळाची दुरुस्तीही नाही.

माझं मत आधीच सांगतो. ही घरं भाडं वाढल्यामुळे क्वचितच जातात, ती जातात पाण्याने आणि कागदाने. आधी संडासाची बाजू कुजते, मग नोटीस येते, आणि नोटीस आली की पावती कोणाच्या नावावर आहे याची शोधाशोध सुरू होते.

कडीपाट

पाण्यापासूनच सुरू करू. 'अ' वर्गातल्या बऱ्याच इमारती लाकूड, वीट आणि चुन्याच्या आहेत, काहींत लोखंडी गर्डर. सागवानी तुळई मधोमध सहसा मोडत नाही. ती कुजते टोकाला, जिथे भिंतीत बसलेली असते. टोक भिंतीच्या आत, बाहेरून पावसाचा मारा, आतून मोरीची ओल, आणि वारा लागायला जागा नाही. म्हणून पाहणी करताना छताच्या मधल्या भेगा बघत बसू नका. भिंतीलगतचा वीतभर भाग तपासा. जाड दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर लाकडात दाबा. निरोगी सागात टोक जेमतेम टेकतं, कुजलेल्यात सहज आत जातं. हातोडीने ठोका: खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज म्हणजे आत पोकळ, बहुधा वाळवी. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा धोक्याचा समजा. त्या ओलीत बुरशी वाढते.

दुसरा शत्रू वजन, आणि तो रहिवासीच आणतात. जुन्या लादीवर कोबा (काँक्रीटचा थर), कोब्यावर नवी टाइल. एक चौरस मीटरवर १० सेंटीमीटर कोबा म्हणजे जवळपास २०० किलो. घराच्या जमिनीवर माणसं आणि सामान मिळून जेवढा भार हल्लीच्या संकल्पनात धरतात (चौरस मीटरला २०० किलो), तेवढा सगळा या एका कोब्याने खाल्ला. गॅलरीत ५०० लिटरची टाकी ठेवली की अर्धा टन चार पायांवर, तोही ब्रॅकेटच्या बाहेरच्या टोकाला. लादी बदलायची असेल तर आधी जुने थर काढा, मग नवी बसवा. वर वर चढवू नका.

तिसरी गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक इमारतीत चुकलेली दिसते: चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंटचा टणक थर वरून बसला की ओल बाहेर पडू शकत नाही. ती आत सरकते, थेट तुळईच्या टोकाकडे. वर्षभर भिंत झकास दिसते, दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो आणि 'कॉन्ट्रॅक्टर चोर होता' म्हणून विषय संपतो. चोर असेलही, पण मसाला मुळात चुकीचा होता. तिथे चुना-वाळू १:३ चाच गिलावा हवा.

चौथा_मजला

टेकूंबद्दल लिहाल का? दुसऱ्या मजल्याची तुळई वाकली, पहिल्या मजल्यावरून टेकू दिला, झालं काम. बरोबर आहे ना?

कडीपाट

अजिबात नाही. असा टेकू म्हणजे दुखणं एक मजला खाली ढकलणं. वरचा भार आता पहिल्या मजल्याच्या जमिनीच्या मधोमध येतो, आणि ती जमीन तेवढ्यासाठी बांधलेली नाही. टेकू तळमजल्याच्या पक्क्या जमिनीपासून वर, प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक, एका ओळंब्यात लागले पाहिजेत. खाली जाड फळी, वर आडवी फळी, मध्ये पाचर. पाचर हळूहळू ठोकायची. वाकलेली तुळई एका दमात सरळ करायला गेलात तर वरच्या मजल्याची भिंत तडकते. टेकू लागला की दर आठवड्याला पाचर हलते का बघायचं. तळमजल्यावर दुकान असेल तर दुकानदार टेकूला नाही म्हणतो, आणि तिथेच बहुतेक कामं अडतात. त्याला आधी विश्वासात घ्या.

कायमची दुरुस्ती म्हणजे कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने आवळणं, किंवा ती तुळईच बदलणं. चॅनेलची लांबी आणि बोल्ट किती, हे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढायचं, सुताराने नव्हे. आणि आधी पाणी थांबवायचं. गळणारा पाइप तसाच ठेवून तुळई बदलली तर पैसे पाण्यात गेले, शब्दशः.

गिलावा

+१. संडास-मोरीचा क्रम असा ठेवा: बिडाचा उभा पाइप आधी, नहाणी ट्रॅप नंतर, जमिनीचा वॉटरप्रूफिंगचा थर त्यानंतर, टाइल शेवटी. लोक टाइलपासून सुरुवात करतात. मोरीला ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १५ मिलिमीटर उतार हवा. टाइल लावण्याआधी २५ मिलिमीटर पाणी २४ तास साठवून खालच्या घरातून बघा. खालचा शेजारी साक्षीदार असला की पुढची भांडणं वाचतात.

चौथा_मजला

या सगळ्याचे पैसे कोण देणार? कायद्याने दुरुस्ती मालकाची ना?

लघुवाद

कायद्याने मालकाचीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ (लागू ३१ मार्च २०००), कलम १४. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूंनी, एकेकट्याने किंवा मिळून, किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही हालचाल नसेल तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. आता मेख: एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. भाडं महिना ४०० असेल तर वर्षाचे ४,८००, त्यातले १,२००. एका तुळईचे बोल्टसुद्धा त्यात येणार नाहीत.

मग कलम १४ निरुपयोगी का? पैशासाठी हो, पुराव्यासाठी नाही. पुढे मालक 'इमारत भाडेकरूंनीच खराब केली' म्हणाला, तर पोस्टात नोंदणी करून पाठवलेल्या नोटिशा, पोचपावत्या आणि तारखेसह फोटो यांवरच उत्तर उभं राहतं. दरवर्षी पावसाळ्याआधी एक नोटीस, सगळ्यांच्या सह्यांनी, इंजिनिअरच्या अहवालाची प्रत जोडून.

मालकाने पाणी किंवा वीज तोडली किंवा अडवली तर ते कलम २९ मध्ये येतं, लघुवाद न्यायालयात अर्ज करता येतो. आणि स्वतःहून काही कायमचं बांधकाम करू नका. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम हे कलम १६ खाली घर खाली करून घेण्याचं कारण आहे. पालिकेच्या परवानगीने केलेलं लाकडी पार्टिशन किंवा स्वयंपाकाचा ओटा त्यात धरत नाहीत, पण पोटमाळा टाकून 'तो तर सुटा आहे' म्हणणाऱ्यांनी जपून राहावं.

भाडेपावती (धागाकर्ता)

मंडळाकडच्या दुरुस्तीचं मी सांगतो. अर्ज त्या विभागाच्या कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात. उपकर क्रमांक, भाडेकरूंची यादी, शक्य तर खाजगी इंजिनिअरचा अहवाल सोबत. मंडळ मुख्यतः मूळ सांगाड्याची दुरुस्ती करतं, तुमच्या खोलीतला रंग आणि फरशी त्यात येत नाही. चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा ठरलेली असते. अंदाजपत्रक त्या मर्यादेच्या वर गेलं की 'दुरुस्ती परवडत नाही' असा शेरा बसू शकतो, आणि हा शेरा फार महागात पडतो. वरचा फरक रहिवाशांनी भरायची तयारी लेखी दाखवली तर दुरुस्ती होऊ शकते. म्हणून पैसा आधीपासून जमलेला हवा, शेऱ्यानंतर नव्हे.

त्यासाठी भाडेकरूंचा संघ नोंदवा, बँकेत खातं काढा, तीन सह्यांपैकी दोन लागतील असं ठेवा. २४ खोल्या, खोलीमागे महिना ५०० धरले तर वर्षाला १,४४,००० जमतात. पाइप, पन्हळ, वाळवीची फवारणी एवढं यातून दरवर्षी भागेल. मोठं काम तीन वर्षांच्या साठ्यातून. पावतीवर स्पष्ट लिहा: 'दुरुस्ती वर्गणी, भाडे नव्हे'. हा शब्द नसल्यामुळे पुढे 'आम्ही भाडं संघाला दिलं' असा घोळ होतो आणि मालकाच्या हातात थकबाकीचा दावा जातो.

मालकाची_बाजू

सगळे मालकाला धोपटताय म्हणून लिहितो. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. २०० रुपये भाडं, चक्रवाढ धरली तरी २५ वर्षांनी साधारण ५३३. अशा २० खोल्या म्हणजे महिन्याला १०,६६०. यात मालकाने तीन मजली लाकडी इमारत सांभाळायची? सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. शिवाय पागडीत (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) खोली हस्तांतर होते तेव्हा मालकाला रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा मिळतो, तो सगळ्यांना दिसतो. पण अशी खोली वीस वर्षांत एकदा जाते.

लघुवाद

हिशोब बरोबर आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच हिशोबातून एक व्यवहारी मार्ग निघतो: पागडीच्या हस्तांतराच्या वेळी (१९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने हा व्यवहार उघड आणि वैध केला) मालकाच्या हिश्श्यातला ठरावीक भाग इमारतीच्या दुरुस्ती खात्यात जाईल असं तिन्ही पक्षांनी लिहून ठेवायचं. मालकालाही इमारत पडून फायदा नसतो, मोकळ्या भूखंडावर भाडेकरूंचे हक्क तसेच उभे राहतात.

आता कागद. पावती मृत आजोबांच्या नावावर, राहतोय नातू, असं सर्रास असतं. कलम ७(१५)(ड) नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला सदस्य भाडेकरू ठरतो. असा कोणी नसेल तर वारस, आणि एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. कळीचा शब्द 'बरोबर राहणारा'. त्या काळातलं रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, शाळेचा दाखला, वीजबिल जपा. मृत्यूनंतर लगेच मालकाला पत्र द्या. तीस वर्षांनी पुनर्विकासाच्या यादीत नाव लावताना चार भावंडं उभी राहतात, तेव्हा हे पत्र सोन्याचं ठरतं.

मालक भाडं घेत नसेल तर मनिऑर्डर करा, आणि 'नाकारले' असा शेरा येऊन परत आली की ती पावती फाइलला लावा. भाडं देण्याची तयारी दाखवत राहणं, हाच कलम १५ खालचा बचाव आहे. थकबाकीसाठी मालकाला लेखी नोटिशीनंतर ९० दिवस थांबावं लागतं. दावा झालाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरता येते. भाडं ४०० असलं तरी हे चुकवू नका, घरं अशाच क्षुल्लक रकमांवर गेली आहेत.

आणि खोलीला कुलूप लावून गावी किंवा उपनगरात राहायला जाऊ नका. दाव्याच्या आधी सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय वापर नसेल तर कलम १६(१)(न) लागतं. वीजबिलाचे युनिट शून्य दिसले की मालकाचा निम्मा पुरावा तयार.

चौथा_मजला

ऑडिटवाल्याने आमच्या इमारतीला 'सी-१' दिलं तर संपलं का?

कडीपाट

संपलं नाही, पण तारखा धावायला लागतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२अ म्हणजे अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती, सी-३ किरकोळ. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं ऑडिट महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार लागतंच, आणि धोकादायक म्हणून नोटीस कलम ३५४ ची.

अहवाल हातात आला की आधी चाचण्या कोणत्या केल्या ते बघा. आरसीसीसाठी पल्स व्हेलॉसिटी (काँक्रीटमधून ध्वनिलहर जाण्याचा वेग) सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली शंकास्पद. हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. कार्बोनेशनसाठी फेनॉल्फथेलिन फवारतात: गुलाबी झालं तर काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत, रंग आला नाही तर सळईचं संरक्षण गेलं. पण या चाचण्या काँक्रीटच्या आहेत! लाकडी इमारतीच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटचा टणकपणा मोजणाऱ्या हातोडीचे) आकडे दिसले तर समजा की दुसऱ्या इमारतीचा साचा उचलून चिकटवला आहे. लाकडाच्या अहवालात तुळईनिहाय नोंद हवी: खोली क्रमांक, कोणतं टोक, किती कुजलं, फोटो.

दोन अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. मालकाचा अहवाल सी-१ असेल तर भाडेकरूंनी आपला स्वतंत्र अहवाल ताबडतोब द्यावा, मुदत संपल्यावर नव्हे. पण खरंच सी-१ असेल तर हट्ट करू नका. तिथे कायदा नंतर, आधी माणसं.

लघुवाद

रिकामी करण्याआधी पालिकेकडून किंवा मंडळाकडून प्रत्येक भाडेकरूचं नाव आणि व्यापलेलं क्षेत्र मोजून प्रमाणित यादी घ्या. इमारत पाडल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण किती फुटांचा हक्क, हे सिद्ध करायला भिंती उरत नाहीत.

आणि एक गोंधळ मिटवतो. '७९-अ' नावाची दोन वेगळी कलमं फिरतात. एक सहकारी संस्था कायद्यातलं, ज्याखाली गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. दुसरं म्हाडा कायद्यातलं, उपकरप्राप्त इमारतींचं. या दुसऱ्यात धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला प्रस्तावासाठी सहा महिने, त्याने केलं नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला सहा महिने, त्यानंतर म्हाडा भूसंपादन करून स्वतः बांधू शकते. भाडेकरूंच्या वाट्याचे सहा महिने फार थोडे आहेत. संस्था, वास्तुविशारद, संमतीपत्रं यांची तयारी मालकाच्या सहा महिन्यांतच करून ठेवायची. रखडलेल्या प्रकल्पांसाठी त्याच कायद्यात ९१-अ आहे.

भाडेकरूंच्या संस्थेने १०० पट मासिक भाडं देऊन इमारत घ्यायचं जुनं प्रकरण ८-अ (कलम १०३-ब, ७० टक्के संमती) अजून कोणी सुचवतं. त्यातून उभ्या राहिलेल्या वादात ५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. तेव्हा फक्त त्या वाटेवर भरवसा ठेवून बसू नका.

गिलावा

धाग्याच्या विषयाबाहेर जातंय, तरी एक. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) मध्ये (उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम) ५१ टक्के संमती आणि किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मोफत, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचं कोणी विचारत नाही: नव्या टॉवरचा महिन्याचा मेंटेनन्स. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक. समजा घरामागे महिना ४,००० आला. वर्षाचे ४८,०००. ते नुसत्या व्याजातून भागवायचे तर साडेसहा टक्क्यांनी घरामागे जवळपास ७ लाख ४० हजारांचा कॉर्पस (कायमचा ठेव निधी) लागतो, तोही महागाई न धरता. ४०० भाडं भरणारं कुटुंब दोन वर्षांत घर विकून कर्जत-विरारला जातं, आणि भाड्याची स्वस्त जागा शहरातून कायमची वजा होते. म्हणून संमती देण्याआधी करारात कॉर्पसची रक्कम, ती कधी आणि कोणाच्या खात्यात, आणि भाडेकरूंच्या विंगचा मेंटेनन्स वेगळा की विक्रीच्या विंगबरोबर, हे लिहून घ्या. पोडियमवरच्या तरणतलावाचं बिल तुमच्या माथी नको.

मालकाची_बाजू

याला माझंही अनुमोदन. संक्रमण भाड्याची (बांधकाम होईपर्यंत दुसरीकडे राहण्याच्या भाड्याची) बँक गॅरंटीही त्यातच घाला, नुसते पुढच्या तारखांचे चेक नको.

चौथा_मजला

पावसाळा तोंडावर आहे. सगळं एकदम होणार नाही. आधी काय करू?

कडीपाट

छतावर चढा. पन्हळीतला कचरा, वडा-पिंपळाची रोपं. रोप उपटू नका, मूळ भिंतीत राहतं आणि पुन्हा फुटतं. बुंधा कापून त्यावर औषध लावा, मेल्यावर फट चुन्याने भरा. फुटलेली कौलं बदला. उभ्या पाइपांचे सांधे बघा, विशेषतः मागच्या गल्लीतले, जिथे कोणी जात नाही. मग प्रत्येक खोलीच्या भिंतीवरच्या ओलीच्या कडेला पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा. ऑगस्टमध्ये ओल रेघेच्या बाहेर सरकली असेल तर त्याच्या मागची तुळई पहिली उघडायची.